कॉन्व्हेंटचं फिरतं कपाट

देवाशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

एक्क्याण्णवच्या समरमध्ये आमचा गिरीश मला मेडनहेडहून इटलीला हॉलिडेला घेऊन गेला. नेपल्सला एका जुन्या कॉन्व्हेंटच्या भिंतीत लाकडी फिरतं कपाट होतं. पूर्वी नको झालेलं मूल बाया त्यात ठेवायच्या, कपाट आत फिरवायच्या आणि बेल वाजवून पळायच्या. आतल्या नन्स मूल उचलून घ्यायच्या. मी म्हटलं, "बसून बघू का गं आत?" तर सूनबाईंनी डोळे वटारले.

गिरीशचे मात्र डोळे भरून आले. "आई, हाऊ कुड दे? आपल्याच माणसाला असं दारात सोडून जायचं?"

"अरे, निदान बेल तरी वाजवायच्या," मी म्हटलं.

ऑक्टोबरात त्याच गिरीशने मला इथे, ओल्ड पीपल्स होमला आणलं. बेल वाजवली, आणि नर्सने दार उघडायच्या आत त्याची गाडी वळणापलीकडे गेलीसुद्धा.

बरं बाई, बेलचं तेवढं मी पदरचं घातलं.



तो गाडीतून उतरलाच नाही. बेल मीच वाजवली.