ऐकणारे : एक

गंगापूर रोडच्या फ्लॅटच्या गच्चीवर श्रेयसने रेडिओ रिसीव्हर बसवून इंटरनेटला जोडला होता. जगात कुणीही मोबाईलवरून त्याची सुई फिरवावी आणि ऐकावं. बायकोचा, तेजश्रीचा मोबाईल मात्र त्याने काढून घेतलेला. निफाडला माहेरी तिचा एक शब्द जायला नको.

आठवडाभर एकच श्रोता एकाच फ्रिक्वेन्सीवर ठाण मांडून असलेला स्क्रीनवर दिसत होता. श्रेयसने हेडफोन लावला. पाळण्याजवळच्या बेबी मॉनिटरच्या रेडिओलहरी गच्चीवरचा रिसीव्हर पकडत होता; त्याच्याच घरातलं सगळं ऐकू येत होतं.

रिसीव्हरच्या पानावरच्या चॅटमध्ये त्याने टाइप केलं, "कोण आहे?"

"तेजूची आई. कुठं ऐकायचं ते तिनंच चिठ्ठीतून कळवलं."

लगेच पुढची ओळ उमटली.

"श्रेयसराव, सकाळी माझ्या पोरीला मारलंत ते पोलीस मॅडमनी बी ऐकलंय. दार उघडा."