चौदा नंबरच्या कोठडीतल्या रेघा

म्हातारी भिंतीवरच्या रेघा मोजत होती. एकेका रेघेवर बोट ठेवून, ओठ हलवत. मागची रांग खोळंबली होती. जुन्या तुरुंगाचं संग्रहालय करून आजच ते लोकांना खुलं केलं होतं, आणि चौदा नंबरची कोठडी बघायची सगळ्यांनाच घाई होती.

गवंडी दाराशी उभा राहून हे कौतुकाने बघत होता. कामावर त्याला सगळे ‘जुनाट’ म्हणायचे. सकाळी लावलेला गिलावा संध्याकाळी शंभर वर्षांचा दिसावा, असा त्याचा हात. चुन्यात थोडी राख, वरून चहाचं पाणी, की भल्याभल्या तज्ज्ञांच्या डोळ्यांत धूळ. या भिंतीत तर त्याने जीव ओतला होता. मूळ गिलावा धुताना रेघांसकट सुटून खाली आला. रेघा होत्या नऊ. त्या त्याने आधीच कागदावर उतरवून घेतल्या होत्या, तशाच पुन्हा कोरल्या. संग्रहालयाच्या साहेबांनी नाक मुरडलं. “एवढ्याशा रेघा बघायला कोण येणार? भिंत भरून टाक.” त्याने भरली. शेजारी पाटी लागली : ‘शेवटच्या कैद्याने मोजलेले दिवस. रेघा मूळ स्वरूपात.’

“दोनशे बारा,” म्हातारी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

गवंडी धावला. तिला भिंतीशी टेकवून त्याने पाणी पाजलं. “आजी, तुमचं कुणी होतं का इथे?”

“नवरा. शेवटचा कैदी तोच. नवव्या दिवशी तापाने गेला, असा तुरुंगाचा कागद आला होता. मी खरं मानलं.” तिचा आवाज चिरकला. “तिसऱ्या महिन्यात मी दुसरं लग्न केलं रे. आणि हा इथे जिवंत होता. रोज एकेक रेघ ओढत बसला होता.”

चार पावलांवर साहेब पाहुण्यांना माहिती देत होते. आता तोंड उघडलं तर उद्यापासून घरी बसावं लागेल, हे गवंड्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याच्याने राहवेना.

“आजी, या रेघा मी ओढल्यात. माझ्या हाताने. खऱ्या नऊच होत्या. तो कागद खरा होता.”

म्हातारीने भिंतीकडे बघितलं. काळवंडलेला चुना, झिजलेल्या कडा. तिने नकारार्थी मान हलवली. तेव्हा गवंड्याने खिशातून खिळा काढला आणि तिच्यादेखत कोपऱ्यात एक रेघ ओढली. ती पांढरीफटक उमटली. बाकीच्या रेघांशी तिचं काहीच नातं दिसेना.

“हिला नंतर रंग चढवावा लागतो,” तो घाईघाईने म्हणाला. “मग ती जुनी दिसते. शप्पथ, आजी.”

“अरे, काय करतोस!” साहेब ओरडले. “अस्सल भिंत आहे ती!”

रखवालदाराने त्याचा दंड धरला. म्हातारी कशीबशी उठली. तिने गवंड्याच्या गालावरून हात फिरवला.

“मनाचा फार चांगला आहेस,” ती म्हणाली. “पण माझ्यासाठी खोटं बोलू नकोस, बाबा.”