पिल्लू कुणाच्या वळणावर?

टीगन माहेरी पोचली तेव्हा आई नोरीन आणि वडील लिंडसे अंगणात एकाच दुर्बिणीसाठी ओढाताण करत होते. समोरच्या निलगिरीच्या ढोलीतून पोपटाचं पिल्लू डोकावत होतं.

"कपाळावरची लाल पट्टी बघ! अस्सल 'ट्वेंटी-एट' जातीचा आहे, आमच्या मँजिमपच्या रानातला," लिंडसे म्हणाला.

"आणि पिवळं पोट दिसत नाही वाटतं? हा 'पोर्ट लिंकन', आमच्या कॅलगुर्लीकडचा," नोरीनने दुर्बीण हिसकावली.

"अगं आई, इथे दोन्ही जातींची सोयरीक होतेच की!" टीगन हसून म्हणाली. "थोडं बापासारखं, थोडं आईसारखं. झालं?"

"थोडं कसलं? चोच चक्क आमच्याकडची आहे!" लिंडसे म्हणाला.

"असू दे. हा किरकिरा आवाज तेवढा तुझ्याकडचा, लिंडसे!"

"बघितलंस टीगन? आता माझ्या खानदानावर आली!"

चहा निवला, भांडण काही निवेना. शेवटी दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली.

आपल्याला बाळ होणार, हे सांगायला टीगन मुद्दाम आली होती. ती बातमी तिने तूर्तास पोटातच ठेवली.