डोमाजींची कॉमेंट्री

डोमाजींनी मंचावर चढून माइक खाली वाकवला आणि त्याच्या तोंडाशी वहीएवढा टॅब धरला. गळ्याभोवतीचा दुपट्टा सारखा केला. मग काचेवरच्या एका चौकोनावर बोट टेकवलं.

"नमस्कार. मी डोमाजी बोलत आहे," टॅब म्हणाला. बाईच्या आवाजात.

मैदान खो खो हसलं. दिग्रसच्या आजूबाजूला कबड्डीचे सामने म्हटले की कॉमेंट्रीला डोमाजीच, आणि आवाज असा की भोंगा नसता तरी शिवेपार गेला असता. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घसा नासला. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव राहिला आणि आवाज गेला. तेव्हापासून ते टॅबवर लिहीत आणि टॅब बोले.

"काकाजी, काकूचा आवाज आनला काय?" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

बायकांमध्ये बसलेल्या इंदूबाईंची कानशिलं तापली. त्यांनी पदर पुढे ओढला. घरात त्यांना या आवाजाची सवय झाली होती. भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगणारा तोच, गॅसवाल्याला फाटकातून हाक मारणाराही तोच. भांडण झालं की डोमाजी तावातावानं लिहायला बसत. लिहून होईतो इंदूबाई अंगणात गेलेल्या असत आणि टॅब रिकाम्या घरात ओरडे, "माझं ऐकून तर घे!" मग त्या हसत परत येत. पण ते घर होतं. हे मैदान होतं.

सकाळीच त्यांनी नवऱ्याला अडवलं होतं. "लोक हसतीन. कायले हौस करून राह्यले?"

डोमाजींनी लिहून दाखवलं होतं, 'पोरींची नावं कोणी घेत नाही. नुसते नंबर पुकारतात.'

शिट्टी वाजली. मुलींचा अंतिम सामना. लाल जर्सीतली प्रेरणा चढाईला गेली, एकीला शिवून परतलीसुद्धा. तेव्हा कुठे टॅब सावकाश म्हणाला, "आता प्रेरणा चढाईला निघाली आहे."

पुन्हा हशा. डोमाजी आजारी पडल्यापासून माइक सांभाळणारा विक्की खुर्चीतून उठला. त्यानं हात पुढे केला. "राहू द्या काकाजी. तुमी बसा, चहा घ्या. मी पाह्यतो."

डोमाजींनी मान हलवली. नाही. ते टॅबवर वाकून राहिले. आठवडाभर मैदानावर सरावाला जाऊन, पोरींना विचारून विचारून लिहून ठेवलेली ती लांबलचक वाक्यं त्यांनी एकेक करून बोटानं बाजूला सारली. मैदानात दोन चढाया तशाच मुक्या गेल्या. इंदूबाईंना मंचाकडे बघवेना.

प्रेरणा पुन्हा निघाली. तिचा पाय मध्यरेषेवर पडला आणि नेमका तेव्हाच भोंगा बोलला.

"प्रेरणा. मैनाबाईची लेक."

एवढंच.

बायकांच्या घोळक्यात मैनाबाई उभी राहिली. ती वावरातून सरळ आली होती. कापूस वेचायचं फडकं अजून कमरेलाच होतं. काय करावं ते न सुचून तिनं दोन्ही हात वर केले. या खेपेला कोणी हसलं नाही.

"अर्पिता. विमलताईची लेक."

"वर्षा. जनाबाईची लेक."

पोरगी रेषेवर आली की नाव. पकड झाली की नाव. ज्या बायांना गावात अमक्याची बायको, तमक्याची सून एवढंच म्हणत, त्यांची नावं भोंग्यातून निघून पाण्याच्या टाकीपर्यंत जात होती. आपली लेक चढाईला निघायच्या आधीच त्या सावरून बसू लागल्या. इंदूबाईंचा पदर कधी मागे सरकला, त्यांना कळलं नाही. टॅबवर भराभर बोट मारताना डोमाजींना आता वाकवलेला माइक जागेवर धरणं झेपेना. ते पाहून विक्की पुढे झाला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं माइक दोन्ही हातांनी धरून ठेवला.

दोन्ही बाजूंचे गुण बरोबरीत आले. शेवटची चढाई उरली.

"उर्वशी. सुखीबाईची लेक."

आणि डोमाजींनी बोट उचललं. पुढे काहीच दाबलं नाही. आयुष्यभर माइकवर एक क्षण गप्प न बसलेला माणूस गप्प राहिला. त्या शांततेत उर्वशीचा दम सगळ्या मैदानाला ऐकू आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. कोपऱ्यातलीला ती शिवली. दोघींनी तिचे पाय धरले. ती पडली, सरपटली, आणि तिचा हात मातीतून सरकत रेषेला लागला.

"उर्वशी," टॅब म्हणाला. तोच सपाट, न चढणारा आवाज. डोमाजींनी पुन्हा बोट मारलं. "उर्वशी." तिसऱ्या वेळी टॅबचं कोणालाच ऐकू आलं नाही. सगळं मैदानच ते नाव घेत होतं.

मंचावर डोमाजींचं तोंड उघडं होतं, मान ताणलेली होती. आवाज येत नव्हता, पण ते ओरडत होते. इंदूबाईंना ते लांबूनही दिसलं.

एवढ्यात एक बाई घाईघाईनं घोळक्यात शिरली. तिची एसटी उशिरा आली असावी; वाटेनं भोंगा ऐकतच ती आली होती. तिनं मंचाकडे पाहायचा प्रयत्न केला. पुढे सगळे उभे होते. तिनं इंदूबाईंना विचारलं, "काव बाई, हे माइकवर कोन बाई बोलून राह्यली?"

"बाई नाही व," इंदूबाई म्हणाल्या. "आमचे मालक हायेत ते. आवाज त्यायचाच हाये."

आणि सरकून तिला बसायला जागा करून दिली.