देवाच्या कामाला परमिट

"ट्रक परत पाठवा," पर्यावरण खात्याच्या बाई म्हणाल्या. "इथं काँक्रीट ओतता येणार नाही."

वेस्ट विंडसरच्या आपल्या परसात उल्हासकाका कमरेवर हात ठेवून उभेच राहिले. काँक्रीटचा ट्रक दारात घरघरत होता. रविवारी अधिक महिन्याचं कीर्तन, आणि त्यासाठी सांगलीहून देवदत्तबुवा मुद्दाम येऊन उतरलेले. आजवरची कीर्तनं कुणाकुणाच्या बेसमेंटमध्ये व्हायची. कीर्तनकार रंगात येऊन उडी मारायचे आणि टाळ वरच्या पाइपला आपटायचे. यंदा काकांनी हट्टच धरला होता. परसाच्या टोकाला सखल, पाणथळ कोपरा होता. तिथं माती टाकून त्यांनी मंडपाची जागा सपाट केली होती.

"पाणथळ जागा कायद्यानं राखीव आहे. बुजवायची तर परवानगी लागते."

"जागा माझी, टॅक्स मी भरतो, आणि माझ्याच घरी कीर्तनाला बंदी?"

"कीर्तनाला नाही. काँक्रीटला."

"मी घसा फोडून सांगत होते, आधी परमिट काढा," नीलांबरीकाकूंनी संधी साधली. "तर म्हणे, देवाच्या कामाला कसलं परमिट!"

काकांचा चेहरा पडला. मंडपच नाही, तर बुवांना आता कुठं उभं करायचं?

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि सगळ्यांना हलक्या पावलांनी पुढं नेलं. काकांनी सपाट केलेल्या मातीच्या अगदी मधोमध एक कासवीण मागच्या पायांनी खड्डा उकरत होती.

"फार थोडी उरलीत ही," बाई कुजबुजल्या. "अंडी घालतेय. पिल्लं बाहेर पडेपर्यंत इथलं ढेकूळही हलवायचं नाही."

बुवांना इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी वाकून पाहिलं, चटकन चपला काढल्या, हात जोडले आणि मान लववली.

"हे काय करतायत?" बाईंनी विचारलं.

काका बुवांकडे बघत राहिले. मग वर बघितलं. आभाळ निळंभोर होतं, आणि उडी मारायला वर कसली अडचण नव्हती. त्यांनी ड्रायव्हरला हात हलवून ट्रक मागं घ्यायला सांगितलं, आणि आपलेही बूट काढले.

"आमच्यात देवळात शिरताना आधी कासवाला नमस्कार करतात, मॅडम."