पहिला नवरा

गुरुजींनी मडक्याच्या गळ्यात हार घातला. लेकीला कडक मंगळ, म्हणून माणसाआधी तिचं लग्न मडक्याशी लावायचं होतं. मी पाणी सोडून रीतसर कन्यादान केलं, आणि गुरुजींनी मडकं पायरीवर आपटून फोडलं.

"पहिला नवरा गेला! आता दुपारच्या मुहूर्ताला बिनघोर उभी राहा," ते म्हणाले. सगळे हसले. लेकही हसली.

खापऱ्या नदीत सोडायच्या होत्या. सवाष्णीनं त्यांना हात लावायचा नाही म्हणे, म्हणून मी आतून शरयूला बोलावलं. शरयू माझी धाकटी बहीण, तेविसाव्या वर्षी विधवा झालेली. पुढच्याच वर्षी गावातल्या मास्तरांनी तिला मागणी घातली, तेव्हा मी त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. "आमच्या घराण्यात मुलीचं कन्यादान एकदाच होतं," असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

शरयूनं एकेक खापरी पदरात गोळा केली. उठताना तिनं हळूच विचारलं, "दादा, दुपारचं कन्यादानही तूच करणार ना?"

ती नदीकडे गेली. मी मान खाली घालून ओले हात सोवळ्याला पुसत राहिलो.