तळावरचे नाव

"हे बर्थाचं," ओपल म्हणाली. "हिची मॅकरोनी अजून माझ्या घशात अडकलीय. यात काय घालून पाठवायचं? सिमेंट?"

"लोणच्याच्या दोन बरण्या ठेव. आणि तोंड आवर," अल्मेडा म्हणाली.

धाकटी बहीण ओपल भांडी घाशीत होती. थोरली अल्मेडा पुसत होती. अल्मेडाच्या पतीला, होरेसला, मूठमाती देऊन त्या दिवशी नऊ दिवस झाले होते. या नऊ दिवसांत जॉर्जियातील त्या लहानशा गावाने आपले कर्तव्य चोख बजावले होते. प्रत्येक स्त्री अन्न घेऊन आली होती. निघताना जवळजवळ प्रत्येकीने "भांड्याची घाई करू नका" असे म्हटले होते. आता ती भांडी परत करावयाची होती. काचेची ती चौकोनी भांडी सर्व घरांत एकसारखीच असत, कारण पिठाच्या दुकानदाराने एका नाताळात साऱ्या गावाला तीच भेट दिली होती. म्हणून प्रत्येकीने तळाला नेलपॉलिशने आपले नाव लिहून ठेवले होते. परत करावयाचे भांडे कोणी रिकामे पाठवीत नसे. काही न जमल्यास त्यात निदान चार अंडी तरी ठेवीत.

मध्यान्हीपूर्वी टिलमन येणार होता. तो थडग्यांचे दगड कोरीत असे. होरेसच्या नावाखाली कोरावयाची ओळ अल्मेडाने निश्चित केली होती. ती तिने सुवाच्य अक्षरांत लिहून फ्रिजच्या दारावर लावली होती. ओळ दोनच शब्दांची होती : एकनिष्ठ पती.

"ताई, आता एकच राहिलं," ओपल म्हणाली. "परवापासून भिजतंय. कडेची साखर काही सुटत नाही बघ."

"ते लुएलाचं. चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ना, ती. पीचचा कॉबलर आणला होता तिने. इतकी रडत होती बिचारी, भांड्याचं काही बोलायचंही तिला सुचलं नाही."

"तो कॉबलर? तो तर सगळा मीच संपवला. अगदी तुझ्या हातचा वाटला."

"तव्याच्या आधीचा," अल्मेडा म्हणाली, आणि किंचित हसली.

शेगडीवर बिडाचा खोलगट तवा पालथा घातलेला होता. आठ वर्षांपूर्वी अल्मेडाजवळही असेच काचेचे भांडे होते. एका बुधवारी होरेस त्यातून कॉबलर, म्हणजे पिठाच्या थराखाली पाकात भाजलेल्या पीचच्या फोडी, घेऊन चर्चच्या गानवृंदाच्या सरावाला गेला. तो रिकाम्या हाताने परतला. त्याच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती. "पायऱ्यांवर हातातून सुटलं गं. पार चुरा झाला," तो म्हणाला होता. ती पट्टी बदलण्याची इच्छा अल्मेडाने दोन वेळा व्यक्त केली. त्याने अंगठ्याला हात लावू दिला नाही.

तेव्हापासून तिने बिडाचा तवा वापरावयास घेतला. आरंभी काहीच साधेना. काचेच्या भांड्याचे प्रमाण तव्यात मावत नसे. पाक उतू जाऊन ओव्हनच्या तळाशी जळत असे. बीड फार तापे आणि वरच्या पिठाच्या कडा करपत. पीचच्या आंबट रसाला लोखंडाची चव येई. अल्मेडाने हार मानली नाही. तिने पीठ एक तृतीयांशाने घटविले. आच कमी केली. बाहेर काढताक्षणी ती फोडी दुसऱ्या वाडग्यात ओतू लागली.

"तव्यातलाच जास्त छान लागतो," होरेस दर वेळी म्हणत असे. दोन चमचे खाऊन तो ताटली दूर सारीत असे. बुधवारी सरावाहून आल्यावर तर तो तेवढेही खात नसे. आठ वर्षे अल्मेडाने त्याचा दोष तव्याला दिला.

ओपलने भांडे पालथे केले. साबणाचा फेस ओघळून गेला. तिचे हात थांबले.

"वाच की," अल्मेडा म्हणाली. "लुएलाच ना?"

"नीट दिसत नाहीये."

"तुला दिसत नाहीये? परवा पाद्र्याच्या कोटाचं तुटलेलं बटण शेवटच्या बाकावरून दिसलं होतं तुला. आण इकडे."

"राहू दे ना, ताई. देते मी नेऊन."

अल्मेडाने भांडे तिच्या हातातून घेतले आणि खिडकीच्या उजेडात धरले. पोवळ्याच्या रंगाची ती नेलपॉलिश तिने लग्नानंतर पहिल्यांदाच विकत घेतली होती. रंग फिका झाला होता, परंतु अक्षरे शाबूत होती. शेवटच्या अक्षराची शेपटी कोपऱ्यापर्यंत ओढलेली होती, कारण लिहीत असताना होरेसने मागून येऊन तिच्या कमरेला गुदगुल्या केल्या होत्या.

अल्मेडा ब्रॅनन.

भांड्याला तडासुद्धा गेलेला नव्हता.

दारावर थाप पडली. टिलमन डोक्यावरची टोपी हातात घेऊन आत आला. त्याने वही उघडली आणि कानामागची पेन्सिल काढली.

"ओळ ठरली का, बाई?"

अल्मेडाने फ्रिजवरचा कागद काढला. त्याची चौपदरी घडी केली आणि ती एप्रनच्या खिशात ठेवली.

"नाव कोरा. आणि दोन तारखा."

"खाली काहीच नको? जागा पुष्कळ आहे दगडावर."

"तेवढंच मला नक्की माहीत आहे."

तो गेल्यावर ओपलने भांड्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "ताई, तिनं हे मुद्दाम आणलं असेल का गं?"

अल्मेडाने भांडे कोरडे केले. कोपरे पुसले. ते फडताळात, आठ वर्षे मोकळ्या राहिलेल्या जागी ठेवले.

"भांड्याची घाई करू नका, असं ती म्हणाली नव्हती," ती म्हणाली. "ती भांडं परत करायला आली होती, ओपल. म्हणून तर रिकामं आणलं नाही."